डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका आणि हृदय : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैपासून दिवाळीपर्यंत नाशिकमधल्या जवळपास प्रत्येक गल्लीत कुणाला ना कुणाला डासांचा ताप येतो. घरात चर्चा होते ती पेशींची, म्हणजे प्लेटलेटची. हृदयाचा विषय निघतो तो रुग्णाला धाप लागल्यावर किंवा नाडी अचानक मंद झाल्यावर. खालचे प्रश्न त्याच वेळी विचारले जाणारे आहेत. रुग्णाला आत्ता छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर हे पान नंतर वाचा आणि आधी १०८ ला फोन लावा.

डासाच्या तापाचा हृदयाशी संबंधच काय?

संबंध तीन वाटांनी येतो. पहिली वाट थेट: विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचतो आणि तिथे सूज येते. याला मायोकार्डायटिस म्हणतात. दुसरी वाट शरीराच्या प्रतिकाराची. विषाणूशी लढताना रक्तात जी दाहक रसायनं सुटतात, त्यांनी हृदयाचं आकुंचन काही दिवस कमजोर होतं आणि ठोक्यांची विजेची वाट बिघडते. तिसरी वाट डेंग्यूत सर्वांत महत्त्वाची. बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सैल पडतं आणि रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर झिरपतो. हृदय धडधाकट असलं तरी पंपात पुरेसं रक्तच येत नाही, त्यामुळे बीपी पडतो.

पहिल्या दोन वाटांत पंप बिघडलेला असतो, तिसरीत पंप रिकामा असतो. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात: हातपाय गार, नाडी बारीक, चेहरा पांढराफटक. उपचार मात्र बरेचसे उलटे आहेत.

म्हणजे डेंग्यू झालेल्या प्रत्येकाच्या हृदयाला धोका आहे?

नाही. बहुतेकांचा ताप आठवड्याभरात जातो आणि हृदयाला काही होत नाही. रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी काहींच्या ईसीजीत किरकोळ बदल दिसतात, तेही आपोआप जातात. खरा मायोकार्डायटिस, हृदयाभोवती पाणी साचणं, ठोक्यांची गंभीर गडबड हे कमी जणांत होतं. पण ज्यांना होतं त्यांच्यात ते झपाट्याने वाढू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या वर्गीकरणात हृदयावर परिणाम झालेला डेंग्यू ‘गंभीर डेंग्यू’त धरला आहे, प्लेटलेट कितीही असोत.

जास्त जपायचं कुणाला? लहान मुलं, साठीपुढचे, गरोदर स्त्रिया, मधुमेह आणि किडनीचे रुग्ण, आणि ज्यांचं हृदय आधीच आजारी आहे ते.

ताप उतरलाय, रुग्ण उठून बसलाय. मग डॉक्टर घरी का सोडत नाहीत?

कारण डेंग्यूत ताप उतरणं म्हणजे बरं होणं नव्हे. ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो. तो उतरता उतरताच, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, प्लाझ्मा झिरपायला लागतो आणि हा घसरणीचा काळ २४ ते ४८ तास चालतो. बीपी पडणं, पोटात-छातीत पाणी होणं, हृदयावर ताण येणं हे बहुतांशी याच दोन दिवसांत होतं.

म्हणून पहिला ताप कोणत्या तारखेला, साधारण किती वाजता आला ते लिहून ठेवा. ‘परवापासून कणकण आहे’ यावरून डॉक्टरांना काहीच हिशेब लावता येत नाही. तारीख माहीत असली तर कोणती तपासणी खरी निघेल आणि कोणत्या रात्री जागं राहायचं, दोन्ही ठरतं.

ताप गेल्यानंतर नाडी ४८–५० वर आली आहे. हृदय बंद पडतंय का?

बहुधा नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, कारण आता घरोघरी ऑक्सिमीटर आहे आणि त्यावर आकडा लुकलुकताना दिसतो. डेंग्यूतून बरं होताना नाडी मंद होणं ओळखीचं आहे. एरवी तापाच्या प्रत्येक अंश सेल्सिअसमागे नाडी साधारण ८ ते १० ने वाढते. डेंग्यूत कधी कधी ताप असतानाही ती तेवढी वाढत नाही आणि ताप गेल्यावर पन्नाशीच्या आसपास रेंगाळते. रुग्ण जेवतोय, बोलतोय, लघवी नीट होतेय, बीपी ठीक आहे, तर एक ईसीजी काढून वाट पाहणं हाच उपचार. काही दिवसांत नाडी पूर्वपदावर येते.

काळजी कधी? नाडी ४० च्या खाली गेली, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, चक्कर येऊन पडला, धाप लागली, किंवा ठोके मध्येच गळू लागले. अशा वेळी वरच्या कप्प्याचा विजेचा संदेश खालच्या कप्प्यात पोहोचायला अडथळा होतोय का, म्हणजे हार्ट ब्लॉक आहे का, हे ईसीजीवरच कळतं. रुग्ण आधीपासून मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन किंवा इव्हाब्रॅडीन घेत असेल तर तेही डॉक्टरांना त्याच क्षणी सांगा. मंद नाडीवर मंद करणारी गोळी चढली की गोष्ट गंभीर होते.

आणि नाडी वेगाने चालत असेल तर?

ताप असताना वेगवान नाडी स्वाभाविक आहे. ताप उतरल्यावरही नाडी १०० च्या वर, बारीक, आणि हातपाय गार, ही जोडी मात्र मंद नाडीपेक्षा जास्त धोक्याची. लोक नेमके उलटं समजतात: पन्नासला घाबरून मध्यरात्री दवाखाना गाठतात आणि एकशेवीसला ‘अशक्तपणा असेल’ म्हणून झोपवून ठेवतात.

घरी नाडी आणि बीपी नेमकं कसं पाहायचं?

रुग्णाला पाच मिनिटं शांत पडू द्या. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद ठोके मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर अनियमित ठोके नजरेतून सुटतात. ऑक्सिमीटर वापरायचा असेल तर बोट कोमट हवं आणि नखावर नेलपॉलिश किंवा मेंदी नको. हात गार असतील तर ते यंत्र वाटेल ते दाखवतं.

बीपीचा वरचा आकडा सर्व जण बघतात. डेंग्यूत बघायचं ते दोन आकड्यांमधलं अंतर. ११० वर ७० म्हणजे अंतर ४०, ठीक. १०० वर ८२ म्हणजे अंतर १८. वरचा आकडा ‘शंभर आहे की’ म्हणून सोडून द्यावासा वाटतो, पण अंतर २० किंवा त्याहून कमी झालं तर तो शॉकचा, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचण्याचा, इशारा असतो, आणि लहान मुलांत वरचा आकडा पडण्याच्या कितीतरी आधी तो दिसतो. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा गुंडाळला तर बीपी खोटा कमी येतो. ठोके अनियमित असतील तर स्वयंचलित यंत्रावर विसंबू नका, दवाखान्यात पाऱ्याच्या किंवा काट्याच्या यंत्रावर मोजून घ्या.

एका कागदावर दर चार तासांनी ताप, नाडी, बीपी, किती प्यायलं आणि शेवटची लघवी कधी झाली एवढं लिहा. सहा तास लघवी नसेल तर थांबू नका.

कोणती लक्षणं दिसली की लगेच निघायचं?

पोटात सतत आणि वाढतं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शौच, बेचैनी किंवा उलट झोपाळूपणा ही डेंग्यूची ठरलेली धोक्याची चिन्हं. हृदयासाठी आणखी काही: आडवं पडल्यावर दम लागतो आणि बसल्यावर बरं वाटतं, छातीत दाब किंवा बोचल्यासारखं दुखतं, धडधड थांबत नाही, उभं राहिल्यावर घेरी येते, पायांवर सूज, बोलताना वाक्य पुरं होत नाही. मुलांमध्ये धापेऐवजी नुसतीच पोटदुखी, उलट्या आणि किरकिर दिसते, म्हणून मायोकार्डायटिस कधी कधी ‘पोट बिघडलंय’ म्हणून सुटतो.

‘अशक्तपणा आलाय, दोन सलाईन लावून टाका’ यात चूक काय?

बरंच काही. ५०० मिलीच्या नॉर्मल सलाईनच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. दोन बाटल्या म्हणजे नऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. ज्याला उलट्या नाहीत, जो तोंडाने पिऊ शकतो आणि ज्याचं बीपीचं अंतर ठीक आहे, त्याला सलाईनचा फायदा नाही.

आता धोका बघा. झिरपण्याच्या काळात शिरेतून दिलेलं पाणी रक्तवाहिनीत टिकत नाही, ते छाती-पोटात जमतं. दोन दिवसांनी अस्तर सावरतं आणि बाहेर गेलेलं सगळं पाणी ४८ ते ७२ तासांत रक्तात परत येतं. त्याच वेळी सलाईन सुरूच असेल तर रक्ताचं आकारमान एकदम फुगतं. हृदयाच्या स्नायूला सूज असेल किंवा पंपिंग आधीच कमी असेल तर ते पाणी पुढे ढकलता येत नाही आणि फुप्फुसात भरतं. डेंग्यूतून ‘बरा झालेला’ माणूस सहाव्या-सातव्या दिवशी अचानक धापा टाकू लागतो त्यामागे अनेकदा हे कारण असतं. सलाईन सुरू करण्याइतकंच ते वेळेवर बंद करणं महत्त्वाचं.

रुग्णालयात हे मोजून-मापून होतं. धोक्याची चिन्हं असलेल्या रुग्णाला पहिले एक-दोन तास ताशी किलोमागे ५ ते ७ मिली, मग ३ ते ५, मग २ ते ३ अशी उतरती मात्रा देतात. ६० किलोच्या माणसाला ते सुरुवातीला ताशी ३०० ते ४२० मिली होतं आणि चार-सहा तासांत १२० ते १८० वर आणतात. प्रत्येक टप्प्यावर नाडी, बीपीचं अंतर, लघवी आणि हिमॅटोक्रिट पुन्हा बघतात. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का. तो मूळच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी वाढला, म्हणजे ४० चा ४८ झाला, तर रक्त घट्ट होतंय, प्लाझ्मा बाहेर जातोय.

सलाईन देऊनही बीपी सुधारत नाही आणि हिमॅटोक्रिट वाढलेला नाही, तर आणखी बाटल्या जोडण्याआधी दोन शंका घ्यायच्या: आत कुठे रक्तस्राव होतोय, किंवा पंपच कमजोर आहे. इथे खाटेशेजारी केलेली टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दहा मिनिटांत दिशा दाखवते. पोटातली मोठी शीर श्वासागणिक पूर्ण मिटत असेल आणि हृदय जोरात आकुंचन पावत असेल तर पाणी कमी आहे. शीर फुगलेली आणि आकुंचन ढिलं असेल तर पाणी आवरून हृदयाला आधार देणारी औषधं लागतात. आयसीयू नसलेल्या दवाखान्यात चौथी बाटली लागतेय आणि बीपी हलत नाहीये, तर तिथे थांबू नका, इकोची सोय असलेल्या ठिकाणी हलवा.

ईसीजी, ट्रोपोनिन, इको: कधी काय करायचं?

आजार कोणता हे आधी ठरवायचं. डेंग्यूची एनएस१ तपासणी विषाणूचं प्रथिन शोधते, ती पहिल्या पाच दिवसांत उपयोगी. आयजीएम शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, ती साधारण पाचव्या दिवसानंतर खात्रीची. दुसऱ्याच दिवशी आयजीएम करून ‘निगेटिव्ह आला, डेंग्यू नाही’ म्हणणं ही नेहमीची चूक आहे.

हृदयासाठी ईसीजी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी. ताप आलेल्या प्रत्येकाला तो लागत नाही. छातीतली लक्षणं, नाडीची गडबड, धाप, किंवा आधीचा हृदयविकार असेल तर लागतो. ट्रोपोनिन ही रक्ततपासणी हृदयाच्या स्नायूची इजा दाखवते. एकदा करून भागत नाही, तीन ते सहा तासांनी पुन्हा करून आकडा चढतोय का बघतात. सीपीके किंवा सीपीके-एमबीवरून मात्र हृदयाचा निष्कर्ष काढू नका: या तापांत अंगाचे स्नायूच दुखावलेले असतात, त्यामुळे सीपीके हृदयाचा काहीही संबंध नसताना वाढतो. एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी धापेचं कारण हृदय आहे की नुसतं छातीतलं पाणी हे सांगायला मदत करते.

तरुण माणसाच्या ईसीजीत हृदयविकाराच्या झटक्यासारखे बदल दिसले तर गोंधळ उडतो, कारण मायोकार्डायटिसही तसाच दिसू शकतो. अँजिओग्राफी करायची की नाही हा निर्णय मग लक्षणं, इको आणि प्लेटलेट एकत्र बघून हृदयरोगतज्ज्ञाने घ्यायचा. दुसरी बाजूही खरी आहे: तैवानमधल्या मोठ्या नोंदींत डेंग्यूनंतरच्या पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. त्यामुळे ‘डेंग्यू आहे, छातीत दुखणारच’ असं म्हणून साठीच्या माणसाचं दुखणं झटकून टाकू नका.

पेशी वीस हजारांवर आल्या. प्लेटलेट चढवायच्या का?

फक्त आकड्यासाठी नाही. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट देत नाहीत. रक्तस्राव होत असेल तर आकडा जास्त असतानाही देतात. हृदय कमजोर असलेल्याला प्लेटलेटच्या पिशव्या म्हणजेसुद्धा शिरेतून दिलेलं पाणीच, हे रक्तपेढीच्या रांगेत उभ्या नातेवाइकांच्या ध्यानात येत नाही.

स्टेंट बसवलाय, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. डेंग्यू झाला तर बंद करायचं?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. नवीन स्टेंटमध्ये गोळ्या थांबल्या की गुठळी होण्याचा धोका असतो, आणि चालू ठेवल्या तर रक्तस्रावाचा. दोन्ही जिवावरचे. सर्वसाधारण रीत अशी: प्लेटलेट ५० हजारांच्या वर आणि रक्तस्राव नाही तर गोळ्या बहुधा चालू ठेवतात; ३० ते ५० हजारांत दोनपैकी एक कमी करायचा विचार होतो; ३० हजारांच्या खाली बहुधा थांबवतात. स्टेंट किती दिवसांपूर्वी बसला यावर हे बदलतं. पंधरा दिवसांपूर्वीचा स्टेंट आणि पाच वर्षांपूर्वीचा स्टेंट यांना एक नियम लागत नाही. म्हणून तापाच्या पहिल्याच दिवशी स्टेंटचं कार्ड किंवा अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज पेपर शोधून ठेवा आणि रोज प्लेटलेट तपासा.

हृदयात कृत्रिम धातूची झडप असेल आणि रक्त पातळ करणारं वॉरफेरिन किंवा एसेनोकुमारॉल चालू असेल तर घरी बसून डेंग्यू काढायचा विचार करू नका. यकृतावर सूज आली की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, झपाट्याने वर जातो. दाखल होऊन रोज आयएनआर बघावा लागतो.

बीपी, शुगरच्या आणि हृदयाच्या बाकीच्या गोळ्यांचं काय?

डॉक्टरांना यादी दाखवून एकेक गोळी विचारा. लघवीची गोळी आणि बीपीच्या ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपणाऱ्या गोळ्या झिरपण्याच्या काळात बीपी आणखी पाडू शकतात आणि किडनीला त्रास देतात, म्हणून त्या काही दिवस कमी किंवा बंद कराव्या लागतात. ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या खाणं-पिणं कमी असताना थांबवतात, नाहीतर साखर फार वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होतं. बीटाब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलोल, ॲटेनोलोलसारखं नाडी मंद करणारं औषध, एकदम तोडायचं नसतं. शिवाय ते चालू असलेल्या माणसात शॉक आला तरी नाडी वाढत नाही. ‘नाडी तर ७० आहे’ या आकड्याचा अशा रुग्णात आधार घेऊ नका, बीपीचं अंतर आणि लघवी बघा. पेसमेकर असलेल्यांनाही हेच लागू.

तापाला आणि सांधेदुखीला काय घ्यायचं?

पॅरासिटामॉल. मोठ्यांना ५०० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, दिवसाला तीन ग्रॅमच्या आत. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतो, तो याच हिशेबात धरा. मुलांना वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळाच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड नकोत: रक्तस्राव, किडनी आणि सुजलेलं हृदय तिन्हींना त्रास. चिकुनगुनियाच्या सांधेदुखीतही, डेंग्यू नाही हे पक्कं होईपर्यंत, या गोळ्या थांबवा.

कमरेत घ्यायचं ‘ताप उतरवायचं इंजेक्शन’ साफ नको. पेशी कमी असताना स्नायूत रक्त साकळून मुठीएवढी गाठ होते.

आणखी एक कमी माहीत असलेली गोष्ट. चिठ्ठीवर ॲझिथ्रोमायसिन, उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन आणि सांध्यांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अशी तिन्ही एकत्र आली, तर तिघांचाही ईसीजीतल्या क्यूटी अंतरावर, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पुन्हा सावरायला लागणाऱ्या वेळेवर, परिणाम होतो. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम घसरलेलं असेल तर त्यातून धोकादायक ठोके सुरू होऊ शकतात. तिन्ही कधीच एकत्र देत नाहीत असं नाही, पण हृदयरुग्णात आधी ईसीजी आणि पोटॅशियम बघावं लागतं. विषाणूच्या तापाला ॲझिथ्रोमायसिन कशाला, हे तर विचाराच.

किती पाणी प्यायचं? शहाळं चालेल?

हृदय-किडनी ठणठणीत असेल तर ५० किलोच्या माणसाला दिवसभरात साधारण दोन-सव्वादोन लिटर द्रव: ओआरएस, ताक, पेज, वरणाचं पाणी, सरबत. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घालायची, लहान पुडी २०० मिलीत. पाकिटावर लिहिलेलं वाचा. मोठी पुडी एका पेल्यात ढवळून प्यायली तर ते खारट पाणी उलट तहान आणि उलटी वाढवतं.

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमजोर असलेल्या, रुग्णाला ‘भरपूर पी’ आणि ‘दीड लिटरच्या वर नको’ असे दोन सल्ले एकदम मिळतात. त्याने रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन करावं. दोन दिवसांत दोन किलोने वाढलं तर पाणी साचतंय.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. इतरांना चांगलं, पण किडनी कमजोर असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन, प्रिल, सार्टन चालू असतील तर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने आणलेलं शहाळं पिऊ नका. वाढलेलं पोटॅशियमही हृदयाचे ठोके थांबवू शकतं.

पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध?

यांनी हृदयावर काही उपचार होत नाही. कच्चं दूध तर टाळाच, त्यातून ब्रुसेलोसिससारखा वेगळाच ताप लागू शकतो.

चिकुनगुनियात तर सांधे दुखतात. हृदयही सापडतं?

सापडतं. २००५–०६ च्या रीयुनियन बेटावरच्या साथीत आणि २००६ च्या भारतातल्या मोठ्या साथीनंतर मायोकार्डायटिस, ठोक्यांची गडबड आणि आधीचं हार्ट फेल्युअर बळावणं याच्या नोंदी झाल्या. प्लाझ्मा झिरपणं इथे डेंग्यूसारखं नसतं, त्यामुळे बीपी पडला तर संशय हृदयाकडे लवकर वळवायचा. ज्येष्ठांत आणखी एक फसवणूक होते: गुडघे धरलेले, माणूस अंथरुणातून उठतच नाही, त्यामुळे चालताना लागणारा दम लक्षातच येत नाही. त्यांना रोज विचारा, ‘सपाट झोपवतं का?’ दोन उशांवरून तीन उशा झाल्या तर ईसीजी आणि इको.

सांधेदुखीसाठी नंतर आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड किंवा वेदनाशामक दिलं जातं. हार्ट फेल्युअर असलेल्यांत दोन्हींमुळे पाणी साचतं, हे ध्यानात ठेवा.

झिका हृदयावर जातो का?

महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर इथे सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात बरेच रुग्ण आढळले. बहुतेकांना सौम्य ताप, पुरळ आणि लाल डोळे एवढंच होतं. व्हेनेझुएलातल्या काही मोजक्या रुग्णांत, आधी हृदयाचा त्रास नसतानाही, ठोक्यांची गडबड आणि हार्ट फेल्युअर दिसल्याचं २०१७ मध्ये मांडलं गेलं. संख्या फार लहान आहे. झिकात मुख्य चिंता गर्भातल्या बाळाच्या मेंदूची.

गरोदरपण आणि नवजात बाळ?

गरोदरपणात नाडी मुळातच वेगवान आणि हिमॅटोक्रिट मुळातच कमी असतो, त्यामुळे झिरपणं उशिरा कळतं. थोडी शंका आली तरी दाखल व्हा. प्रसूतीच्या आगेमागे आईला चिकुनगुनिया झाला तर बाळाला लागण होऊ शकते. असं बाळ जन्मताना ठीक दिसतं आणि काही दिवसांनी ताप, दूध न ओढणं, पुरळ सुरू होतं. त्याच्या हृदयाचीही तपासणी लागते. आईला ताप होता हे बालरोगतज्ज्ञांना न विचारता सांगा.

बरं झाल्यावर कामावर, जिमला, ट्रेकला कधी?

हृदयाला काही झालं नसेल तर ताप गेल्यावर एक-दोन आठवडे हळूहळू वाढवत न्या. मायोकार्डायटिस झाला असेल तर हिशेब वेगळा. धावणं, वजनं उचलणं, ब्रह्मगिरी किंवा हरिहर चढणं साधारण तीन ते सहा महिने बंद, आणि परत सुरू करण्याआधी ईसीजी, इको आणि गरजेप्रमाणे २४ तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र. सुजलेल्या स्नायूवर जोर पडला की घातक ठोके सुरू होऊ शकतात. इको ठीक असलं तरी डाग उरलेला असू शकतो, तो हृदयाच्या एमआरआयमध्ये दिसतो.

दिंडोरी-निफाडमध्ये तापाचे दिवस आणि द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी एकाच वेळी येतात. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणं हे जिमइतकंच जोराचं काम आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हलक्या कामाची चिठ्ठी मागून घ्या.

आठवड्याभराने थकवा आणि उठल्यावर धडधड राहते ती बहुतेकांत पडून राहिल्याने आणि पाणी कमी प्यायल्याने. ती तीन-चार आठवड्यांपुढे टिकली तर तपासा.

नाशिकमध्ये जायचं कुठे, सोबत काय न्यायचं?

शासकीय सोय त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात. महापालिकेची कथड्यातलं डॉ. झाकिर हुसेन रुग्णालय आणि नाशिकरोडचं बिटको. खासगीत जाताना एकच विचारा: रात्री दोन वाजता ईसीजी, इको आणि आयसीयू मिळेल का? सुरगाणा-पेठ भागातून शहरात यायला दीड-दोन तास सहज जातात, म्हणून तिथल्या हृदयरुग्णाने ताप उतरायच्या दिवसाची वाट न पाहता आधीच हलावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधार जवळ ठेवा, आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच भेटा; बिल झाल्यावर नाही.

पिशवीत असू द्या: चालू गोळ्यांच्या पट्ट्या (नावं सांगू नका, पट्ट्याच दाखवा), जुना ईसीजी, जुनी इको, आणि तो दर चार तासांचा कागद. जुना ईसीजी फार मोलाचा. आजचा बदल नवा आहे की दहा वर्षांचा, हे त्याशिवाय कळत नाही.

डासांचं काय करायचं?

हे तिन्ही ताप पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी उन्हं आल्यावर आणि संध्याकाळ होण्याआधी जास्त, आणि स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही: अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात, त्यामुळे कडा घासा. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे पिंप रिकामं करा म्हणणं निरर्थक. पिंपाला कापड घट्ट बांधा किंवा आरोग्य कर्मचाऱ्याकडून अळ्या मारणारं टेमेफॉस टाकून घ्या. फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे टायर, बागेत औषध कालवायची पिंपं आधी बघा. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरभर चाललेल्या बांधकामांतल्या लिफ्टच्या खड्ड्यांत आणि स्लॅबवर साठवलेल्या पाण्यातही हेच होतं. २०२७ ची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन तापाच्या दिवसांत आहेत. धुरळणीने फक्त उडते डास मरतात, अळ्या पाण्यात तशाच राहतात.

घरात रुग्ण असेल तर त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. तापाच्या दिवसांत त्याला चावलेला डास पुढे घरातल्या इतरांना आजार देतो, आणि त्या इतरांत कदाचित स्टेंटवाले आजोबा असतात.